बायोफीडबॅक : शरीराच्या मूक क्रियांचे मापन आणि मन-शरीर पूरक उपचार

गोषवारा

शरीरातील ज्या क्रिया माणसाला एरवी जाणवत नाहीत त्या उपकरणाच्या साहाय्याने दृश्य किंवा श्राव्य करून त्यांवर अंशतः नियंत्रण मिळविण्याचे शिक्षण म्हणजे बायोफीडबॅक होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीची संकल्पना, कार्यतत्त्व व इतिहास यांचे विवेचन केले आहे. महाराष्ट्रात लोणावळा व मुंबई येथे झालेल्या कामाशी असलेला तिचा संबंध तपासला आहे. कोणत्या विकारांत तिचा उपयोग सिद्ध झाला आहे व कोणत्या विकारांत नाही, हेही उपलब्ध संशोधनाच्या आधारे स्पष्ट केले आहे. ही पद्धती औषधोपचाराला पर्याय नसून पूरक आहे आणि तिचे मोल यंत्रात नसून शिकण्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बायोफीडबॅक, प्रत्याभरण, स्वायत्त मज्जासंस्था, शवासन, उच्च रक्तदाब, पूरक उपचार.

१. प्रस्तावना

कराड शहराला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले मलकापूर हे सातारा जिल्ह्यातील गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. येथे १९८० च्या दशकात उभे राहिलेले कृष्णा रुग्णालय व त्याच्याशी निगडित वैद्यकीय शिक्षणसंस्था ही पहिली गोष्ट होय. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील रुग्ण येथे उपचारासाठी येतात. दुसरी गोष्ट म्हणजे मीटरद्वारे मोजून दिला जाणारा चोवीस तास पाणीपुरवठा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. तथापि मन-शरीर उपचारांतील एका महत्त्वाच्या पद्धतीचे तत्त्व समजून घेण्यास दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण पहिलीच्या संदर्भात फार उपयोगी पडते.

पाण्याचा मीटर स्वतः पाणी वाचवीत नाही. तो केवळ किती पाणी वापरले गेले हे दाखवितो. नळ चालू राहिला की आकडा वाढतो, नळ बंद केला की तो थांबतो. जी गोष्ट पूर्वी अदृश्य होती ती दिसू लागल्यामुळे कुटुंबाच्या सवयीत बदल घडू शकतो. बायोफीडबॅक ही पद्धती मानवी शरीराच्या बाबतीत नेमके हेच करते. स्नायूंतील ताण, त्वचेचे तापमान, घामग्रंथींची क्रिया, हृदयगती व श्वसनाची लय यांचे अखंड मापन करून त्यांची स्थिती रुग्णाला त्याच क्षणी दाखविली जाते आणि तिच्या आधारे ती क्रिया बदलण्यास तो शिकतो.

हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. त्यात शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी व योगशास्त्र यांचा संगम होतो. म्हणूनच बहुविद्याशाखीय दृष्टीने त्याचा विचार होणे आवश्यक आहे. शिवाय या पद्धतीविषयी समाजात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. काहींना ती सर्व व्याधींवरील नवे यंत्र वाटते, तर काहींना ती जुन्याच गोष्टींना दिलेले नवे नाव वाटते. या दोन्ही भूमिका पुराव्याच्या कसोटीवर तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. संकल्पना व कार्यतत्त्व

फीडबॅक या संज्ञेसाठी मराठी शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ हा शब्द रूढ आहे. एखादी कृती केल्यानंतर तिच्या परिणामाची माहिती कर्त्याकडे परत येणे म्हणजे प्रत्याभरण. अध्यापकांना हे तत्त्व परिचित आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांच्या प्रयोगात, डोळ्यांवर पट्टी बांधून ठरावीक लांबीच्या रेषा काढण्यास सांगितलेल्या व्यक्तींमध्ये केवळ पुनरावृत्तीने सुधारणा झाली नाही. प्रत्येक रेषेनंतर ती बरोबर की चूक हे सांगितले जाऊ लागल्यावर मात्र सुधारणा झाली. सरावाला परिणामाच्या ज्ञानाची जोड नसेल तर तो सराव निष्फळ ठरतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

शरीराच्या अनेक क्रियांच्या बाबतीत माणूस जन्मभर अशी पट्टी बांधूनच असतो. हात उचलला की तो उचलला गेल्याचे दिसते. परंतु मानेचे व कपाळाचे स्नायू दिवसभर आखडलेले असले तरी ते संध्याकाळी डोके दुखू लागेपर्यंत लक्षात येत नाही. रक्तदाब वाढलेला असताना बहुसंख्य रुग्णांना काहीच जाणवत नाही. हृदय, रक्तवाहिन्या, पचनसंस्था व घामग्रंथी यांचे नियमन करणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे कार्य जाणिवेच्या पातळीखाली चालते. तिचे दोन विभाग आहेत. अनुकंपी विभाग संकटसमयी शरीराला सज्ज करतो : हृदयगती वाढते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तळहातांना घाम येतो. परानुकंपी विभाग विश्रांती व पचन यांना साहाय्य करतो. दीर्घकालीन मानसिक ताणात पहिला विभाग वारंवार व अकारण कार्यरत राहतो.

बायोफीडबॅकची उपकरणे या अवस्थेची चिन्हे मोजतात. त्यांपैकी प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) स्नायुविद्युत मापन : त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडद्वारे स्नायूंतील विद्युतक्रिया मोजली जाते. ताणजन्य डोकेदुखी, मान-पाठदुखी तसेच पक्षाघातानंतर दुर्बळ झालेल्या स्नायूंच्या पुनर्शिक्षणासाठी हिचा वापर होतो.

आ) तापमान मापन : बोटाला लावलेला थर्मिस्टर त्वचेचे तापमान दाखवितो. ताणात रक्तवाहिन्या आकुंचन पावून बोटे थंड पडतात, शिथिलतेत ती उबदार होतात.

इ) त्वचेची विद्युतवाहकता : तळहाताच्या घामग्रंथींची क्रिया वाढली की वाहकता वाढते.

ई) हृदयगतीतील चढउतार : निरोगी माणसाचे हृदय घड्याळासारखे समान अंतराने पडत नाही. श्वास घेताना त्याची गती किंचित वाढते व सोडताना कमी होते. हा चढउतार पडद्यावर आलेखरूपाने दाखविला जातो.

उ) मेंदूलहरी मापन : या प्रकारास न्यूरोफीडबॅक असे स्वतंत्र नाव आहे.

यांपैकी हृदयगतीच्या पद्धतीचे कार्य विशेष उद्बोधक आहे. मानेतील धमन्यांमध्ये व महाधमनीत रक्तदाबाची नोंद घेणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते हृदयाला मंद होण्याची सूचना देतात, तो घटला की उलट सूचना देतात. या यंत्रणेचा परिणाम दिसण्यास काही सेकंदांचा विलंब लागतो आणि त्यामुळे तिचे एक आवर्तन साधारणपणे दहा सेकंदांचे असते. श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहा केली, म्हणजे एका श्वासोच्छ्वासाला दहा सेकंद दिले, तर श्वसनाची लय व रक्तदाब-नियमनाची लय एकमेकींशी जुळतात. झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्का जसा त्याचा झोका वाढवितो, तसा हृदयगतीतील चढउतार त्या वेळी वाढतो. ही नेमकी गती व्यक्तीगणिक थोडी वेगळी असते व ती शोधून देणे हे उपकरणाचे काम असते.

इटलीतील लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींना ख्रिस्ती जपमाळेतील प्रार्थना व ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणण्यास सांगितले. दोन्हींमुळे श्वसन मिनिटाला सुमारे सहा या गतीवर आले व रक्तदाब-नियमनाची संवेदनक्षमता वाढली. परंपरेतील लयबद्ध जपाला शरीरक्रियेच्या दृष्टीने काही अर्थ असू शकतो, हे या निरीक्षणातून सूचित होते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘बायोफीडबॅक’ ही संज्ञा १९६९ मध्ये अमेरिकेतील सांता मोनिका येथे भरलेल्या परिषदेच्या सुमारास रूढ झाली. तथापि तिचे तत्त्व त्यापूर्वीच वापरले गेले होते. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये प्रसूतीनंतर श्रोणीतळाचे स्नायू दुर्बळ झालेल्या स्त्रियांसाठी दाबमापक उपकरण वापरले होते. योग्य स्नायू आकुंचित झाला की नाही हे त्या उपकरणावर स्त्रीला स्वतःला दिसत असे. १९६३ मध्ये जॉन बास्माजियन यांनी दृश्य-श्राव्य प्रत्याभरण मिळाल्यास माणूस एकेका स्नायुघटकावरही नियंत्रण मिळवू शकतो हे दाखविले. १९७० च्या सुमारास थॉमस बुडझिन्स्की व योहान स्टोयवा यांनी कपाळाच्या स्नायूंच्या शिथिलीकरणाचा वापर ताणजन्य डोकेदुखीसाठी केला.

या इतिहासातील एक प्रकरण संशोधनाच्या नीतीच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. नील मिलर यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी स्वायत्त क्रिया थेट शिकविता येतात असा दावा केला आणि त्याने मोठी खळबळ उडवून दिली. पुढे तेच निष्कर्ष पुन्हा मिळेनासे झाले. मिलर यांनी बॅरी ड्वर्किन यांच्यासह १९७४ मध्ये ही गोष्ट स्वतः जाहीरपणे मांडली. मानवावरील उपचारांचा पुरावा अशा रीतीने प्राण्यांवरील प्रयोगांवर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे उभा करावा लागला.

४. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

बायोफीडबॅकचा जन्म अमेरिकेत झाला असला तरी ‘शरीराच्या अनैच्छिक क्रियांवर नियंत्रण शक्य आहे काय’ या प्रश्नाची प्रयोगशालेय मांडणी महाराष्ट्रात बरीच आधी सुरू झाली होती. स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रिया करताना शरीरांतर्गत दाब किती घटतो याचे त्यांनी दाबमापकाने मापन केले व क्ष-किरणांचाही वापर केला. योगाचे दावे केवळ श्रद्धेने न स्वीकारता मोजून पाहावेत, ही त्यांची भूमिका त्या काळात नवी होती.

योग्यांविषयीच्या दाव्यांची तपासणी पुढेही झाली. १९५७ मध्ये अमेरिकेतील वेंगर व बागची हे संशोधक भारतात आले. त्यांनी दिल्लीतील आनंद यांच्यासमवेत १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘हृदय थांबविण्याचा’ दावा तपासला. छातीतील दाब वाढविल्याने नाडी लागेनाशी होते व हृदयध्वनी ऐकू येत नाहीत, परंतु हृदयालेखात हृदयाची क्रिया चालूच असते, असे आढळून आले. याउलट १९७० मध्ये अमेरिकेतील मेनिंजर फाउंडेशनमध्ये स्वामी राम यांनी एकाच तळहातावरील दोन बिंदूंच्या तापमानात सुमारे दहा अंश फॅरनहाइटचा फरक निर्माण केल्याची नोंद एल्मर ग्रीन यांनी केली. काही दावे मोजमापात टिकले नाहीत, काही टिकले. ही बाब मापनाचे महत्त्वच अधोरेखित करते.

उपचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम मुंबईत झाले. के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये उच्च रक्तदाबावरील शवासनाच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४७ रुग्ण होते. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मि.मी. पाऱ्यापर्यंत उतरला. औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांची औषधाची मात्रा कमी करता आली. हा अभ्यास यादृच्छिक नियंत्रित स्वरूपाचा नव्हता. त्यामुळे वारंवारच्या तपासणीने रुग्णाची भीती कमी होऊन रक्तदाब उतरणे यासारखे घटक त्यात वेगळे काढता येत नाहीत. तरीही शवासन हा विषय रुग्णालयाच्या नोंदवहीत आणण्याचे श्रेय या अभ्यासास दिले पाहिजे. पुढे डॉ. दाते बायोफीडबॅककडे वळले व १९८० मध्ये त्यांनी मुंबईच्याच वैद्यकीय नियतकालिकात उच्च रक्तदाब व ताण यांतील तिच्या उपयोगावर लेखन केले.

दाते यांच्या अभ्यासातील नियंत्रित गटाची उणीव इंग्लंडमधील डॉ. चंद्रा पटेल यांच्या कामाने काही प्रमाणात भरून काढली. १९७३ मध्ये त्यांनी २० रुग्णांना योगिक शिथिलीकरण व बायोफीडबॅक यांचे एकत्रित प्रशिक्षण दिले. त्यांपैकी ५ जणांचे औषध पूर्णपणे थांबविता आले व ७ जणांची मात्रा ३३ ते ६० टक्क्यांनी कमी करता आली. १९७५ मध्ये नॉर्थ यांच्यासह केलेल्या यादृच्छिक अभ्यासात ३४ रुग्ण होते. प्रशिक्षित गटाचा सरासरी रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला, तर नियंत्रित गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की केवळ विश्रांती घेणाऱ्या नियंत्रित गटाचा रक्तदाबही काही अंशी उतरला होता. उपचाराचा खरा परिणाम या दोन उतारांतील फरकाएवढाच मानावा लागतो.

५. उपयुक्ततेचा पुरावा

गेल्या काही दशकांतील संशोधनाचा आढावा घेतला असता पुरावा सर्व विकारांत सारखा नसल्याचे दिसून येते.

डोकेदुखी हे या पद्धतीचे सर्वांत भक्कम क्षेत्र होय. नेस्टोरियुक व मार्टिन यांनी २००७ मध्ये अर्धशिशीवरील ५५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले व मध्यम स्वरूपाचा परिणाम आढळल्याचे नमूद केले. २००८ मधील विश्लेषणात ताणजन्य डोकेदुखीत परिणाम त्याहून अधिक आढळला.

मलविसर्जनाच्या वेळी श्रोणीतळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जाण्याच्या विकारातही परिणाम ठळक आहे. कियारिओनी व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात सहा महिन्यांनंतर बायोफीडबॅक घेतलेल्यांपैकी ८० टक्के, तर रेचक घेतलेल्यांपैकी २२ टक्के रुग्णांत मोठी सुधारणा झाली. या विकारात दोष स्नायूंच्या चुकीच्या वापराचा असतो. म्हणून औषधापेक्षा शिक्षण अधिक परिणामकारक ठरते.

स्त्रियांमधील मूत्र-असंयमाचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. बर्जिओ व सहकाऱ्यांच्या १९९८ मधील अभ्यासात बायोफीडबॅकसह दिलेले वर्तनात्मक प्रशिक्षण औषधापेक्षा सरस ठरले. परंतु ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चांगल्या रीतीने शिकविलेल्या श्रोणीतळाच्या व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने दोन वर्षांनंतर अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. ग्रामीण भागाच्या दृष्टीने हा निष्कर्ष निराशाजनक नसून आश्वासक आहे. या त्रासाविषयी संकोचापोटी न बोलणाऱ्या असंख्य स्त्रियांना यंत्राविना, केवळ प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने तोच लाभ मिळू शकतो.

उच्च रक्तदाबाबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मधील निवेदनात बायोफीडबॅकला ‘विचार करता येईल’ अशा सौम्य शिफारशीच्या श्रेणीत ठेवले. सुरुवातीच्या अभ्यासांतील मोठे आकडे पुढील सर्व अभ्यासांत टिकले नाहीत. बोटे थंड व पांढरी पडण्याच्या रेनॉ विकारात तापमान-बायोफीडबॅक तर्कतः उपयोगी ठरायला हवे होते. तथापि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात ते नियंत्रित उपचारापेक्षा सरस ठरले नाही. अवधानदोष असलेल्या मुलांसाठी न्यूरोफीडबॅकचा मोठा प्रचार होतो. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्वि-अंध अभ्यासात खऱ्या व आभासी प्रत्याभरणाच्या परिणामांत फरक आढळला नाही. पालकांकडून मोठे शुल्क आकारणाऱ्या केंद्रांच्या जाहिराती वाचताना हे स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे.

६. मर्यादा व दक्षता

पहिली मर्यादा अशी की शिथिल वाटणे आणि रक्तदाब कमी असणे या एकच गोष्टी नव्हेत. सत्रानंतर बरे वाटले म्हणून रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे धोक्याचे आहे. पटेल यांच्या अभ्यासात औषध कमी केले गेले ते वैद्यकीय देखरेखीखाली व मोजमाप करून, ही गोष्ट विसरता कामा नये. रक्तदाब अनियंत्रित राहिल्यास पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार संभवतात आणि ते पूर्वसूचना देत नाहीत.

दुसरी दक्षता निदानाविषयीची आहे. नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, वजन घटणे, मलातून रक्त जाणे यांसारखी लक्षणे असताना आधी वैद्यकीय तपासणी व मगच पूरक उपचार हा क्रम पाळावा लागतो. तिसरी बाब श्वसनाची. संथ श्वसन याचा अर्थ मोठे व जोरकस श्वसन नव्हे. तसे केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते व हातापायांना मुंग्या येतात. चौथी बाब शिक्षणाच्या स्थानांतरणाची आहे. दवाखान्यातील शांत खोलीत मिळविलेले कौशल्य ऊसतोडीच्या हंगामात, बाजाराच्या गर्दीत किंवा परीक्षेच्या सभागृहात वापरता आले पाहिजे. म्हणून यंत्राचा आधार क्रमाक्रमाने काढून घेणे हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग असतो. जो रुग्ण कायम यंत्रावरच विसंबून राहतो त्याचे शिक्षण अपुरे राहिले असे म्हणावे लागेल.

७. स्थानिक संदर्भ व महाविद्यालयांची भूमिका

मलकापूर-कराड परिसरात वैद्यकीय व भौतिकोपचाराचे शिक्षण एकाच ठिकाणी उपलब्ध आहे. भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात विद्युत-उपचारांच्या भागात बायोफीडबॅकचा समावेश असतो. म्हणजे ही पद्धती परिसराला अपरिचित नाही. प्रश्न आहे तो तिचा लाभ कोणत्या रुग्णापर्यंत पोहोचतो याचा. आठवड्याला दोन सत्रे व अनेक आठवडे चालणारे प्रशिक्षण, त्यासाठी बुडणारी मजुरी व येण्याजाण्याचा खर्च यांचा विचार केल्यास दूरच्या वाड्यावस्त्यांवरील रुग्णाला ते परवडणे कठीण आहे.

यावर एक व्यवहार्य मार्ग असा की खर्चीक उपकरण निदान व प्रारंभिक शिक्षणापुरते वापरावे आणि पुढील सराव साध्या साधनांवर सोपवावा. सेकंदकाटा असलेले घड्याळ श्वसनाची गती दाखविण्यास पुरेसे आहे. घरगुती रक्तदाबमापक व रोजची नोंदवही हेही एक प्रकारचे प्रत्याभरणच आहे; किंबहुना उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला औषधाची नियमितता शिकविण्यास ते अधिक उपयोगी पडू शकते.

वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांनाही येथे वाव आहे. मानसशास्त्र विभागात परीक्षाचिंतेच्या अभ्यासासाठी, भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिकी विभागात थर्मिस्टरवर आधारित साधे तापमानदर्शक तयार करण्यासाठी, क्रीडा विभागात श्वसन व हृदयगतीच्या नोंदींसाठी हा विषय प्रकल्परूपाने घेता येईल. अशा प्रकल्पांत नियंत्रित गट ठेवणे, विद्यार्थ्यांची संमती घेणे व नकारात्मक निष्कर्षही प्रामाणिकपणे नोंदविणे या गोष्टींचे शिक्षण आपोआप घडते. मिलर यांचे उदाहरण त्यासाठी आदर्श मानता येईल.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की बायोफीडबॅक हा चमत्कार नाही आणि थोतांडही नाही. जेथे विकाराच्या मुळाशी शरीराची चुकीची सवय आहे, तेथे ती प्रभावी ठरते. जेथे विकाराची कारणे रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडांत किंवा आनुवंशिकतेत रुजलेली आहेत, तेथे ती साहाय्यक ठरते. आणि जेथे केवळ जाहिरातीचा आधार आहे, तेथे ती नाकारणेच इष्ट आहे. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपासून मुंबईच्या रुग्णालयापर्यंतच्या कामाने परंपरेचा आदर व मोजमापाचा आग्रह एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले आहे.

मीटर बसविल्याने पाणी आपोआप वाचत नाही; नळ बंद करणारा हात घरातल्या माणसाचाच असावा लागतो. बायोफीडबॅकचे यंत्रही आकडा दाखवून थांबते. त्यापुढचे काम रुग्णाच्या सरावाचे, शिक्षकाच्या चिकाटीचे आणि वैद्यकाच्या सावध देखरेखीचे आहे. या तिन्ही गोष्टी सर्वसामान्य रुग्णाला उपलब्ध करून देणे हेच या पद्धतीपुढील खरे आव्हान होय.